सगळंच देवाचं काम, मग आधी काय करायचं?

ओढाताण_भाऊ
सगळ्यांना सलाम. नोकरी, दोन लहान मुलं, आणि मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल, क्वायर, तरुण संघाचा ग्रुप सगळं माझ्याच गळ्यात. कुणी "भाऊ जरा एवढं बघाल का" म्हटलं की तोंडातून नाही निघतच नाही, देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? आणि प्रार्थनेला बसलो की डोळे मिटलेले पण डोक्यात उद्या प्रोजेक्टर कोण आणणार. बायबलमधलं मत्तय ६:३३ पाठ आहे, आधी देवाचं राज्य शोधा, पण माझ्याकडे प्रत्येक काम 'राज्य' असं लेबल लावूनच येतं. त्यातलं पहिलं कुठलं ओळखायचं कसं? प्लीज "अजून प्रार्थना करा" सांगू नका, तेच तर जमत नाहीये.

पहाटे_जागा
मार्क १ मधलं ३२ ते ३८ सावकाश वाचा. कफर्णहूमात संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलेलं, येशूने कितीतरी आजारी बरे केले. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला, शिमोन वगैरे शोधत आले की सगळे तुलाच शोधतायत. आणि तो काय म्हणाला, चला दुसऱ्या गावांत जाऊ, तिथेही उपदेश करायचाय, त्यासाठीच मी आलोय. म्हणजे मागे राहिलेले आजारी खोटे नव्हते हो, गरज खरीच होती, तरी तो परत फिरला नाही. मला हे पचायला बरीच वर्षं गेली. गरज दिसली म्हणजे ती आपल्याच नावाची असं नसतं.

मार्थाची_बाजू
आता कोणीतरी मार्था आणि मरीया काढणारच, म्हणून मीच काढते 😄 येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली आणि बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, ती गोष्ट. लूक १० वरचा प्रत्येक उपदेश ऐकून मला मार्थाची कीव येते, अहो पाहुण्यांना जेवायला कोण घालणार होतं? पण तिथे मार्थाच्या धांदलीसाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ चहूबाजूंनी ओढलं जाणं असा आहे. प्रभू तिला काम करते म्हणून बोलला नाही, तू काळजी करतेस, दगदग करतेस असं म्हणाला. योहान १२ मधे तीच मार्था परत जेवण वाढतेय आणि तेव्हा तिला कुणी काही बोलत नाही. त्यामुळे सगळी सेवा सोडून बसा असा अर्थ काढू नका. भाऊ, तुमच्या घरची दोन मुलं पण सेवाच आहे, ती मात्र यादीत 'नोकरी'च्या शेजारी एका शब्दात उरकलीत तुम्ही.

पहाटे_जागा
हे पटलं ताई. आणि वाटून देणं पण बायबलमधलंच आहे, निर्गम १८ मधे सासऱ्याने, इथ्रोने, मोशेला सांगितलं की एकटा न्यायनिवाडा करत बसशील तर तूही थकशील आणि लोकही. प्रेषितांची कृत्ये ६ मधे विधवांच्या रोजच्या अन्नवाटपासाठी सात जण निवडले, वाटप हलकं काम म्हणून नाही, तर प्रेषितांना (येशूच्या मुख्य शिष्यांना) प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडायची नव्हती म्हणून.

शांत_कोपरा
प्रार्थनेत प्रोजेक्टर आठवला तर शेजारी कागद ठेवा, लिहा, परत या, दहा वेळा झालं तरी चालेल. फोन दुसऱ्या खोलीत. आणि रात्री पाचच मिनिटं दिवस मागे फिरवून बघा, आज कशात देवाजवळ होतो, कशात नुसता धावलो. १६ व्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी ही पद्धत शिकवली, कॅथलिक आहे म्हणून बिचकू नका. दोन आठवड्यांत दिसायला लागतं की कुठली सेवा प्रेमाने चाललीय आणि कुठली लोक काय म्हणतील म्हणून.

ओढाताण_भाऊ
ताईंचं ते 'एका शब्दात उरकलीत' जरा लागलं, पण खरंय. क्वायरचं एकाला सांगायचं ठरवलंय, तो कधीपासून तयार होता, मीच सोडत नव्हतो कारण माझ्यासारखं बसवता येणार नाही असं वाटायचं (हे लिहिताना स्वतःलाच ऐकू आलं). संडे स्कूल ठेवतो. फक्त पास्टरना हे रविवारी सांगू की आधी फोन करू?

मार्थाची_बाजू
आधी फोन. रविवारी समोर उभे राहिलात तर अजून एक काम घेऊन घरी जाल.