मोठे तारे इतके कमी, मग दीर्घिकेवर सत्ता त्यांची कशी?

शंकेखोर:
सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड तारा शंभरात एकही सापडत नाही. वीसपट जड असला तर तो कोटीभर वर्षांत आटपतो; आपला सूर्य एकूण हजार कोटी वर्षं जगणार. तरीही दीर्घिकेची वाढ हेच ठरवतात म्हणे. कसं काय?

गच्चीवरची दुर्बीण:
लवकर मरतात, म्हणूनच! जन्मलेल्या ढगापासून लांब जायला त्यांना वेळच मिळत नाही. आधी अतिनील किरण आणि सेकंदाला हजार-दोन हजार किमी वेगाचे, ताऱ्यातूनच सुटणारे वारे भोवतालचा वायू विरळ करतात, आणि मग मरताना त्या पोकळीत ताऱ्याचा स्फोट, म्हणजे सुपरनोव्हा, होतो. दाट वायूत बरीचशी ऊर्जा प्रकाशरूपाने लगेच निसटली असती. इथे ती वायू ढकलायला शिल्लक राहते. लोक थेट स्फोटावर उडी मारतात, खरी मेख या आधीच्या साफसफाईत आहे.

पुरावा हवा तर सप्तर्षीतली एम 82 ही दीर्घिका बघा, 1.2 कोटी प्रकाशवर्षांवरची. माझ्या सहा इंची दुर्बिणीतून नुसता राखाडी लांबोडका पट्टा दिसतो, पण हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा येऊ देणारा हायड्रोजन-अल्फा फिल्टर लावून काढलेल्या फोटोंत मधूनच वर-खाली लाल झोत निघालेले असतात. केंद्रात ढिगाने तारे जन्मले, त्यांचे वारे आणि स्फोट एकवटले, आणि वायू तबकडीबाहेर फेकला गेला. पुढच्या ताऱ्यांचा कच्चा माल तोच! लहान दीर्घिकांचं गुरुत्वाकर्षण तोकडं, त्यांना हा फटका जास्त बसतो.

मृगशीर्ष:
जानेवारी 2014 मध्ये एम 82 मध्ये सुपरनोव्हा दिसला होता. तो यातलाच का?

गच्चीवरची दुर्बीण:
नाही हो, तो श्वेतबटूचा, म्हणजे सूर्यासारखा तारा मेल्यावर उरलेल्या गाभ्याचा स्फोट. अशा स्फोटांतून मुख्यतः लोह मिळतं, जड ताऱ्यांकडून ऑक्सिजन. तिथल्या जड ताऱ्यांचे स्फोट धुळीआड होतात. त्यांचे अवशेष रेडिओ दुर्बिणींनी शोधलेत.

शंकेखोर:
म्हणजे हे जड तारे नव्या ताऱ्यांचे जन्म फक्त बंद पाडतात?

गच्चीवरची दुर्बीण:
छे, उलटही घडतं: ढकललेला वायू पोकळीच्या कडेला दाटला की त्यातून नवे तारे जन्मतात. आपला सूर्यच सध्या सुमारे हजार प्रकाशवर्षं रुंद पोकळीत आहे. 1.4 कोटी वर्षांपूर्वीपासून झालेल्या पंधराएक स्फोटांनी ती कोरली. 2022 मध्ये ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजमापांवरून नकाशा निघाला, तेव्हा 500 प्रकाशवर्षांच्या आतले तारे जन्मणारे जवळपास सगळे ढग तिच्या कवचावर सापडले. वृषभेतला ढगही त्यातलाच.