सँडी बेट्सची चीड कुणावर?

‘स्टारडस्ट मेमरीज’मध्ये (१९८०) वुडी अ‍ॅलनने स्वतःच्याच चाहत्यांचा अपमान केलाय, हे मत मला अजिबात पटत नाही. या सिनेमातल्या दिग्दर्शक सँडी बेट्सला (ही भूमिका अ‍ॅलननेच केलीय) विनोदी सिनेमे काढणं नकोसं झालंय, आणि लोक मात्र त्याला ‘तुमचे आधीचे विनोदी सिनेमेच आवडतात’ असंच ऐकवतात. माणूस आतून कोसळत असताना हे किती जीवघेणं! गॉर्डन विलिसच्या कृष्णधवल चित्रणात चाहत्यांचे ते चेहरे अंगावर येतात, कारण आपण ते सँडीच्या नजरेने पाहतो. एवढ्या हळव्या सिनेमाला तुच्छतेचा शिक्का मारू नका हो. तो रविवारचा प्रसंग आठवा: लुई आर्मस्ट्राँगचं गाणं चालू आहे, सँडीची जुनी प्रेयसी डॉरी जमिनीवर पडून वाचतेय आणि मध्येच वर बघते. डॉरी झालेल्या शार्लट रॅम्पलिंगचा तो चेहरा! तिथे माझे डोळे दर वेळी भरून येतात.