विषय: खानदेशातल्या शाळांसाठी हार्प – आधी तारा सुरात लावणारं माणूस हवं

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात जळगाव-धुळ्याकडे न्यायच्या हार्पचं (बोटांनी छेडायचं तारवाद्य) सामान आलंय. प्लायवूडची चौकट, पुठ्ठ्याचं खोकं, नायलॉनच्या २२ तारा. जोडताना गोंदाला २४ तास द्या. घाईने तारा ताणल्या तर पुठ्ठा चौकटीपासून सुटतो. तारेची खालची गाठ भोकातून निसटू नये म्हणून गाठीत जाड नायलॉनचा छोटा तुकडा अडकवा. वर खुंटीला तीन-चार वेढे बसतील एवढी ढील ठेवा. खुंट्या आट्यांच्या आहेत. फिरवल्या की त्या आपोआप आत जातात, वरून दाबू नका.

दोन प्रश्न. यात अर्धा स्वर चढवायच्या लिव्हर नाहीत, मग राग कसे शिकवायचे? आणि तिकडच्या हवेत हे टिकेल का?

– शाळा-उपक्रम गट

•

ताई, अमळनेरहून उत्तर देतो.

लिव्हरचं अडणार नाही. सगळ्या तारा शुद्ध स्वरांत लावा (लाल तार म्हणजे सा, काळी म्हणजे म) आणि मूर्च्छना वापरा, म्हणजे तारा त्याच ठेवून सा वेगळ्या तारेवर धरा. लाल तारेला सा धरला की बिलावल. तिच्या पुढची तार सा धरली की काफी, त्यापुढची भैरवी. काळी तार सा धरली तर कल्याण, मग खमाज, मग आसावरी. सातवी सोडून द्या, तिथून पंचमच शुद्ध मिळत नाही. भैरव मात्र असा सापडत नाही. त्यासाठी रे आणि ध यांच्या मिळून सहा तारा अर्धा स्वर उतरवाव्या लागतील. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका.

पहिला तास भूपाचा घ्या. काळी तार आणि लालच्या अलीकडची तार सोडली की उरलेल्या तारांवर बोट कुठेही पडो, बेसूर होत नाही. पोरांचा धीर तिथेच चेपतो. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) मागू नका, ती या वाद्याची नाही. अंगठा वर, बोटं खाली. छेडल्यावर बोट तळहातात मिटायचं. करंगळी वापरत नाहीत.

"हाई काय शे?" हा प्रश्न येणारच. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा जी वीणा वाजवतो ती याच घराण्यातली, आणि मध्य प्रदेशातल्या परधानांचं पाच तारांचं बीन-बाजा आजही आहे, एवढं सांगा. भाषण नको.

हवेचं म्हणाल तर डिसेंबर बरा. मे महिन्यात बंद गाडीत हार्प ठेवली तर गोंदच सुटेल. विमानासाठी तारा पूर्ण सैल करू नका, पुन्हा स्थिरावायला दिवस जातात. नव्या नायलॉनचं तसंही पहिले चार-पाच दिवस काही खरं नसतं; ताणत राहतं, दिवसातून तीन-चार वेळा लावावंच लागतं.

•

नाना, छान. पण माझी खरी काळजी पुढची आहे. आपण परतलो की आठवड्यात हार्प सुरातून उतरेल आणि शाळा ती कपाटात ठेवेल. म्हणून मुलांच्या आधी दोन दिवस गावातलं एक माणूस तयार करू: भजनी मंडळाचा पेटीवाला किंवा संगीताच्या बाई. कान तयार असतो, खुंट्या फिरवायची चावी तेवढी हातात बसायला हवी.

त्यांना हे दाखवायचं: मधलं सप्तक आधी, मग त्यावरून वरचं आणि खालचं. एक फेरी पुरत नाही, कारण शेवटच्या तारा ताणल्या की पुठ्ठा वर उचलला जातो आणि आधीच्या उतरतात. दोन फेऱ्या, नवख्याला अर्धा तास. वर्गातल्या गलक्यात मोबाईलचं ट्यूनर अॅप फसतं. चिमट्याचं ट्यूनर थेट चौकटीला लावा. सर्वांत जास्त तारा एकाच चुकीने तुटतात: छेडतो एक तार आणि चावी असते शेजारच्या खुंटीवर. स्वर हलत नाही म्हणून माणूस फिरवतच राहतो. वरच्या बारीक तारा जास्त जातात, सुट्या तारा त्याच जास्त द्या.

पेटीबरोबर वाजवायचं तर हार्प पेटीला मिळवायची; पेटीचे सूर जागेवर बदलत नाहीत. फक्त पेटीच्या काळी एक पट्टीचा आग्रह धरला तर नाही म्हणा. २२ तारा अर्धा स्वर चढवल्या तर पुठ्ठ्यावर फार ताण येतो. पेटीच पांढरी एकवर घ्या.

एका हार्पला तीन मुलं: एक वाजवणार, एक सरगम म्हणणार, एक ताल धरणार. कानबाई देवीची गाणी घ्या, आयांना येतात. गॅदरिंगला माइक समोर नको, खोक्याच्या मागच्या भोकाशी वीतभर अंतरावर. आणि डीजेनंतरचा नंबर घेऊ नका.