वाघोलीच्या धुळीत एअर फिल्टर कधी बदलायचा?

बी-३०४: नमस्कार मंडळी. गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. आत्ता फोन आला, "सर, एअर फिल्टर चोक झालाय, बदलावा लागेल, ६८० रुपये." गाडी जेमतेम १२,४०० किमी चाललीय. एवढ्यात बदलतात का? की मला बकरा समजलेत? अर्ध्या तासात कळवायचंय.

ए-५०१: बकराच. माझी ५०,००० झाली, एकदाही बदलला नाही. मस्त पळते.

सी-१०२: दादा, आधी कुठला फिल्टर ते विचारा. मला मागे एसीच्या फिल्टरचा काळाकुट्ट फोटो पाठवून इंजिनाच्या फिल्टरचे पैसे लावले होते. एसीचा डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो, इंजिनाचा बॉनेटखाली काळ्या डब्यात.

बी-३०४: ताई, इंजिनाचाच म्हणतायत. फोटो मागवला, टाकतो.

बी-६०३: बदलून टाका हो, ॲव्हरेज वाढेल.

सी-४०४: तो कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणक नसलेल्या जुन्या गाड्यांच्या जमान्यातला हिशोब. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोक करून गाड्या तपासल्या. इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकानं पेट्रोल सोडणाऱ्या आताच्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये नाव घेण्यासारखा फरक नाही, पिकअप मात्र मरतो. हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी सोडतो.

ए-५०१: बघा, म्हणजे मी बरोबर 😄

ए-७०२: ३०४, फोटो पाहिला. घड्यांच्या टोकांवर धूळ आहे, पण खोलात अजून कागद पांढरा दिसतोय. याला चोक म्हणत नाहीत. साफ करून परत बसवा म्हणावं. हवा मारायची ती स्वच्छ बाजूनं धुळीच्या बाजूकडे, आणि लांबून. पोरं नोझल कागदाला टेकवून फुल प्रेशर सोडतात, कागदाला टाचणीएवढी भोकं पडतात. साफ झाला की मागे टॉर्च धरून बघायचं. उजेडाचा ठिपका आरपार दिसला तर फिल्टर फेकायचा, मग किमी कितीही असोत.

५०१, पिकअप मरतो हे सोडून द्या, खरी भानगड वेगळीच आहे. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात ३०-४० हजाराला बदली लिहिलेली असते, पण शेजारीच लिहिलेलं असतं की धुळीच्या रस्त्यावर त्याआधी. आपल्या गेटसमोरून दिवसभर लोणीकंद-भावडीकडच्या दगडखाणींचे डंपर जातात. ती साधी माती नाही, दगडाची भुकटी आहे. जुना फाटका फिल्टर असेल तर ती सिलिंडरमध्ये जाते, त्याच्या आतल्या भिंतीला ओरखडे पडतात, पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि गाडी ऑइल खायला लागते. हे एका दिवसात होत नाही, म्हणून मस्त पळते असं वाटतं.

मी दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपात लागलो तेव्हा जुन्या गाड्यांना तेलाचे एअर क्लीनर होते. खाली भांड्यात ऑइल, हवा त्यावरून वळायची, धूळ तेलात बसायची. भांडं उपसलं की तळाशी गाळ. गाळ लाल की काळा एवढं बघून आमचे मिस्त्री गाडी कोकणातली की मराठवाड्यातली ते सांगायचे.

सी-१०२: काका, मग आपण किती किमीला बदलायचा ते एकदा सांगून टाका.

ए-७०२: मी इथं ५,००० ला उघडून बघतो आणि २०,००० ला बदलतो. रोज हायवेनं जाणाऱ्याला जास्त चालेल. पण दर रविवारी हौसेनं उघडू नका. काढता-घालताना वरची धूळ आतल्या बाजूला सांडते. थोडी धूळ बसलेला फिल्टर उलट बारीक कण जास्त अडवतो.

सेक्रेटरी: सभासदांनी नोंद घ्यावी, उद्या टँकर उशिरा येईल. आणि पार्किंगमध्ये हवा मारून धूळ उडवू नये, वर कपडे वाळत असतात.

बी-३०४: काका, साफ करून बसवायला सांगितलं, मुकाट्यानं ऐकलं. पण आता म्हणतायत डब्याची एक क्लिप तुटलीय, तारेनं बांधून देतो.

ए-७०२: अजिबात नको! डबा नीट दाबून बसला नाही तर कडेच्या फटीतून सगळी धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते. त्यापेक्षा मळका फिल्टर परवडला. क्लिप नवी लावायला सांगा. आणि फिल्टरची रबरी कडा चारी बाजूंनी खाचेत बसलीय का, ते स्वतः हात फिरवून बघा.

ए-५०१: मी आत्ता खाली जाऊन डबा उघडला. फिल्टरवर शेंगांची टरफलं आणि पिवळ्या फडक्याच्या चिंध्या. उंदरानं घर केलंय. कागद एका कोपऱ्यात कुरतडलाय.

सी-१०२: 😄😄 ५०,००० किमी मस्त पळते!

ए-७०२: ५०१, आता चालू करू नका. डबा आणि पुढचा पाइप आतून ओल्या फडक्यानं पुसा, मगच नवा फिल्टर. शनिवारी मी पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या पार्टच्या बाजारात जातोय, अजून कुणाला आणायचाय?

बी-६०३: वॅगन आर, सीएनजी.

सी-४०४: आय-ट्वेंटी, डिझेल. आणि बायकोच्या ॲक्टिव्हाचा, तो हवा मारून साफ करतोय.

ए-७०२: ॲक्टिव्हाचा तेलकट कागदाचा असतो, त्याला हवा मारायची नाही, सरळ बदलायचा. सगळ्यांनी गाडीचं वर्ष पण लिहा, नुसत्या नावावर दुकानदार भलताच देतो. ५०१, तुमचं?

ए-५०१: स्विफ्ट, पेट्रोल, २०१८. काका, उंदराचा सापळा पण मिळेल का तिकडे?