मदत हवी आहे: आच्छादन टाकलं की उधई (वाळवी), काढलं की भेगा

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. वस्तीतल्या लोकांनी मिळून पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला कडुनिंब, करंज आणि सीताफळ लावलं. रोपं कमरेएवढी झाली आहेत. जमीन काळी, चिकण. मुरूम खाली बराच खोल आहे.

बकऱ्यांपासून वाचवायला पऱ्हाटीचं (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचं) कुंपण केलं, ते टिकलं. खरी अडचण पाण्याची. फेब्रुवारीपासून जमिनीला भेगा पडतात, ओतलेलं पाणी भेगांतून थेट खाली जातं आणि मुळं उघडी पडतात. म्हणून बुडाशी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जाड पसरलं. ओल राहिली, पण त्याखाली उधई लागली आणि काही रोपांची साल जमिनीलगत खाल्ली. कुटार काढलं तर पुन्हा भेगा. निंबोळी ढेप (पेंड) घालून पाहिली, थोडे दिवस फरक वाटला. (कुंपणाच्या पऱ्हाटीलाही उधई लागतेच, त्यामुळे ती तिथूनच येत असेल, असा माझा संशय.)

विषारी औषध सुचवू नका, हातपंप शेजारीच आहे आणि पोरं तिथं खेळतात. ठिबकही जमणार नाही. उन्हाळ्यात टँकरचं पाणी, तेही आठवड्यातून एकदाच, बादलीनं द्यावं लागतं.

काळ्या जमिनीत ज्यांनी रोपं जगवली आहेत त्यांनी सांगावं: कुटाराऐवजी बुडाशी मुरूम किंवा दगडगोट्यांचा थर दिला तर भेगा थांबतात का, आणि तो किती जाड व खोडापासून किती अंतरावर ठेवायचा?