सांगलीत कॉस्प्ले-ॲनिमे संमेलनाची रात्र: डान्स फ्लोअर आणि बसायच्या खोल्या कशा आखाव्यात?

कृष्णाकाठचा_ओटाकू

नमस्कार मंडळी. विश्रामबाग भागात ॲनिमे (जपानी ॲनिमेशन), कॉमिक्स आणि गेमिंगवाल्यांचं दोन दिवसांचं संमेलन ठरतंय. नोंदणी 250 ची धरली आहे. त्यातले निम्मे तरी कॉस्प्लेत (आवडत्या पात्राच्या पोशाखात) असतील, काही मुलं अठराच्या आतली आहेत. जागा मंगल कार्यालयाची: तळमजल्यावर 60 बाय 40 फुटांचा हॉल, शेजारी जेवणाचा हॉल, वर वधू-वर पक्षाच्या सहा खोल्या. मागे साधारण 40 मीटरवर वस्ती आहे. शनिवारी रात्री 9 ते 1 डान्स ठेवायचा विचार आहे. साऊंडवाला म्हणतोय, चार टॉप (मधल्या-वरच्या सुरांचे स्पीकर) आणि चार बेस (खर्जाचे स्पीकर) लावू. एवढं लागतं का? आणि ज्यांना नाचायचं नाही, पण झोपायलाही जायचं नाही, त्यांना कुठे बसवायचं?

साऊंडचेक

आधी वेळ बदला. 9 ते 1 हा आराखडा मोठ्या शहरातल्या हॉटेलांसाठी ठीक आहे. तुमच्याकडे मोठ्या आवाजाचा डान्स 7 ते 9:45 ठेवा आणि दहानंतर वेगळा कार्यक्रम आखा.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत वापरायची सवलत आहे, आणि कार्यालयवाले तेवढंच सांगतात. पण आवाजाची मर्यादा हॉलच्या आत मोजत नाहीत, आवाराच्या हद्दीवर मोजतात. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आणि खासगी जागेतल्या यंत्रणेला हद्दीवर त्याच्या वर फक्त 5 ची मुभा. म्हणजे 50. रात्री 12 पर्यंतची सूट राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस देऊ शकतं, आणि ते दिवस सण-उत्सवांना जातात. शंभर मीटरच्या आत दवाखाना, शाळा किंवा कोर्ट असेल तर तो भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, तिथे रात्रीची मर्यादा 40. तेव्हा आवाराच्या चारी बाजू आधी चालून बघा.

आता हिशोब. आत 95 डेसिबल धरा. नऊ इंची प्लॅस्टर केलेली वीटभिंत साधारण 50 अडवते. एकेरी काचेची खिडकी जेमतेम 25 ते 28. पत्र्याचं छत असेल तर तेही खिडकीच्याच पंगतीतलं. आणि जेवणाच्या हॉलकडचं दार कुणी उघडं टाकलं की भिंतीचा काही उपयोग उरत नाही. बंद खिडकीबाहेर 70 च्या आसपास आवाज निघतो. 40 मीटरवर तो बराच उतरतो, पण हद्द 40 मीटरवर नाही, ती खिडकीपासून दहा पावलांवर असते.

खरा त्रास बेसचा. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास 7 मीटर असते. पडदे, गाद्या, फोम यांनी ती अडत नाही. शिवाय डेसिबल-ए मोजमापात बेस कमी धरला जातो, त्यामुळे मीटर ठीक दाखवतो आणि मागच्या घरातली भांडी मात्र वाजत राहतात. मोजताना सी वेटिंगवरही (मीटरची बेस जवळपास पूर्ण धरणारी सेटिंग) एकदा बघा. दोन्ही आकड्यांत 15 पेक्षा जास्त फरक आला तर बेस उतरवा.

चार टॉप, चार बेस ही मिरवणुकीची मांडणी आहे. तुम्हाला 15 इंची दोन पॉवर्ड (ॲम्प्लिफायर आतच असलेले) टॉप आणि 18 इंची दोन बेस पुरे. टॉप स्टँडवर चढवून तोंड खाली फ्लोअरकडे वळवा, खिडक्यांकडे नको. दोन बेस एकाशेजारी एक न ठेवता एकामागे एक ठेवा: मागचा 1.4 मीटर मागे, पोलॅरिटी उलटी, डिले 4.1 मिलिसेकंद. 60 हर्ट्झच्या आसपास मागे जाणारा बेस बराच कापला जातो. बंद हॉलमध्ये भिंतींच्या परतव्यामुळे मोकळ्या मैदानाइतका फायदा मिळत नाही, तरी वस्ती पाठीमागे आहे म्हणून करावंच. 45 हर्ट्झखालचं सगळं लो-कटने काढून टाका, लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारा) लावा आणि त्याचा पासवर्ड डीजेकडे देऊ नका.

आतल्यांच्या कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी 15 मिनिटांची सरासरी जास्तीत जास्त 100 डेसिबल अशी मर्यादा दिली आहे. माझ्या मते अशा हॉलला 92 ते 95 पुरेसं आहे. त्याच मानकात कानाला विसावा मिळेल अशी शांत जागाही मागितली आहे, म्हणजे तुमचा दुसरा प्रश्न त्यातच आला.

परवानग्या: पोलिस ठाण्याचा ध्वनिक्षेपक परवाना, कार्यक्रमाची परवानगी, महापालिकेच्या अग्निशमन विभागाचा दाखला. अर्जात "डीजे" एवढाच शब्द लिहू नका. आपल्याकडे तो वाचला की समोरच्याला डॉल्बीची भिंत दिसते. किती स्पीकर, किती वॅट, बंदिस्त हॉल, किती वाजता बंद, हे लिहा आणि हॉलचा नकाशा जोडा.

वरची_खोली

न नाचणाऱ्यांना "कुठे बसवायचं" असं नका धरू. संमेलनाच्या रात्री निम्म्याहून जास्त माणसं गप्पांसाठीच जागी असतात. वर्षभर फक्त ऑनलाइन भेटणारी मंडळी एका रात्रीपुरती समोरासमोर येतात, त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू आलं पाहिजे. माझं मत: सहा खोल्या आहेत तर रात्रीचा निम्मा खर्च आणि निम्मे स्वयंसेवक तिकडेच द्या.

एक मीटरवरचं साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं. खोलीतला आवाज 50 च्या खाली राहिला तर घसा न ताणता गप्पा होतात. म्हणून जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्या बोलण्याला देऊ नका. तिथे कॉस्प्ले दुरुस्ती आणि सामान ठेवा.

दुरुस्तीच्या टेबलावर: ग्लू गन दोन (11 आणि 7 मिलिमीटर, दोन्ही मापांच्या कांड्या), सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी, काळा आणि पांढरा दोरा, केसांच्या पिना, छोटा पंखा, आरसा. ग्लू गन धातूच्या ताटलीवर ठेवा. हीच खोली मुखवटे काढून बसायची. पूर्ण डोकं झाकणाऱ्या पोशाखात घाम वाळत नाही आणि समोरचं नीट दिसतही नाही. दर 20-25 मिनिटांनी डोकं बाहेर काढायला जागा लागते, जिथे कुणी फोटो काढणार नाही. दारावर तसं ठळक लिहा.

लांबची एक खोली पूर्ण शांत: गाद्या, सतरंज्या, पिवळा मंद दिवा, संगीत नाही, गप्पाही नाहीत. गर्दीने गांगरलेल्या माणसाला इथे कुणी काही विचारू नये.

एक बोर्ड गेमची. तिथे मात्र पांढरा भरपूर उजेड हवा, पत्ते वाचता आले पाहिजेत.

आणि एक गाण्याची बैठक. विज्ञानकथा-चाहत्यांच्या संमेलनांत 1950 च्या दशकापासून रात्री गोल करून गाणी म्हणायची पद्धत आहे, तिला "फिल्क" म्हणतात. फोक या शब्दाच्या टायपिंगच्या चुकीतून ते नाव आलं. नियम सोपा: पाळी फिरत जाते, आपली पाळी आली की स्वतः म्हणा, दुसऱ्याला फर्माईश करा किंवा पुढे द्या. भजनी मंडळात वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. माईक नको. एक पेटी, एक गिटार, एक कहॉन (लाकडी खोक्याचं तालवाद्य) पुरे. वाद्यांचं मिरज शेजारी आहे, भाड्याने पेटी मिळणं अवघड नाही.

खाणं वरच्या मजल्यावर नको, जेवणाच्या हॉलमध्येच. भडंग, ताक, लिंबू सरबत, चहा. नाचणाऱ्याला घामातून मीठ जातं, नुसतं पाणी पुरत नाही. पाणी माणशी ताशी अर्धा लिटर: 100 माणसं, 3 तास म्हणजे 150 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 8 जार. दहा मागवा.

फेज_न्यूट्रल

वीज आणि गारवा राहिला. बसलेला माणूस साधारण 115 वॅट उष्णता टाकतो, नाचणारा 250. कार्यालयाचा एसी जेवणाच्या पंगतीच्या हिशोबाने बसवलेला असतो. 100 जण नाचले तर 25 किलोवॅट, म्हणजे फक्त माणसांसाठी 7 टन. छत तापलेलं असेल, कॉस्प्लेचे थर असतील, तर 10 टन धरा. ते नसेल तर संध्याकाळी 5 पासूनच हॉल गार करून ठेवा. नाच सुरू झाल्यावर खोली थंड होत नाही, आहे ती तापायची थांबली तरी पुष्कळ.

साऊंड एका फेजवर, लाइट आणि एसी दुसऱ्या फेजवर. जनरेटरवरून येताना न्यूट्रल सैल राहिला तर एका फेजवर 230 ऐवजी 350-400 व्होल्ट येतात आणि मिक्सर, लॅपटॉप, एलईडी सगळं एकदम जातं. साऊंड जोडण्याआधी मल्टिमीटरने तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजून घ्या, आणि लोड चढल्यावर परत. लॅपटॉप चार्जरला लावला की हमिंग येतं. त्यावर अर्थिंगची पिन काढणं हा उपाय नाही, त्याने माणूस मरू शकतो. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये आयसोलेशनवाला डीआय बॉक्स लावा.

स्ट्रोब (झपाझप लुकलुकणारे दिवे) बंद ठेवा. सेकंदाला 3 ते 30 झपके फिट येणाऱ्यांना धोक्याचे. आणि लग्नात लावतात ते कोल्ड फायर अजिबात नको. फोमची चिलखतं आणि नायलॉनचे विग क्षणात पेट घेतात.

कृष्णाकाठचा_ओटाकू

फार उपयोगाचं, आभार. दहानंतर हेडफोनचा सायलेंट डिस्को ठेवला तर? विगवर हेडफोन बसतो का? आणि जपानी गाण्यांना परवाना लागतो का?

साऊंडचेक

ठेवा, तोच उत्तम. रात्री एकदम 150 जण असतील असं धरून 110 सेट आणि वर 10 जादा घ्या. तीन चॅनेल ठेवा: एक हाउस-टेक्नो मिनिटाला 120 ते 128 बीट्सचा, एक ॲनिमे गाण्यांचा, एक मराठी-हिंदी. हेडफोनचा रंग चॅनेलप्रमाणे बदलतो, त्यामुळे कोण काय ऐकतंय ते दिसतं आणि एकाच रंगाची माणसं आपोआप एकत्र येतात. तिन्ही ट्रान्समीटर आणि कार्यालयाचे वायरलेस माईक एकाच वेळी चालू करून हॉलच्या चारी कोपऱ्यांत ऐकून बघा. एक-एक तपासलं की ठीक वाटतं, एकत्र चालवलं की खरखर येते.

विगवर पट्टी वरून बसत नाही, केस चपटे होतात आणि शिंगं-कान मोडतात. पट्टी मानेमागून घ्यायला सांगा. विग पुढून दाट असेल तर कानाची पाळी मोकळी करून दोन पिना लावाव्या लागतात, त्यासाठी दुरुस्तीवाला एक जण खाली बसवा. परत आलेला प्रत्येक सेट अल्कोहोल वाइपने पुसा.

डान्स तळमजल्यावरच राहू द्या. आवाज नसला तरी उड्या असतात. 128 बीट्सला शंभर जण एकदम उडाले की स्लॅबला सेकंदाला दोनदा तालात दणका बसतो, आणि खालच्या खोलीत तो ऐकूही येतो.

परवाना लागतो. हेडफोनवर असलं तरी ते सार्वजनिक सादरीकरणच. शब्द-चालीसाठी आयपीआरएस, ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल या संस्था परवाना देतात. काही कंपन्यांची गाणी नोव्हेक्सकडे आहेत, त्यामुळे यादी आधी ठरवून तिघांकडे विचारा. लग्नाला कायद्यात सूट आहे, तुमच्या संमेलनाला नाही. स्वतःच्या मोबाइलवरचं स्ट्रीमिंग खातं अशा कार्यक्रमाला चालत नाही.

वरची_खोली

अजून दोन गोष्टी. अठराखालच्यांना वेगळ्या रंगाचा मनगटपट्टा द्या आणि 10:30 नंतर पालकाशी बोलणं झाल्याशिवाय एकट्याला फाटकाबाहेर सोडू नका. दोन स्वयंसेविका फक्त तक्रारीसाठी, जॅकेट घालून, शांत खोलीच्या दाराशी. डीजेशेजारी बसवलं तर त्यांना काही ऐकूच येणार नाही. 112 (पोलिस), 108 (रुग्णवाहिका) आणि 1098 (मुलांची हेल्पलाइन) हे आकडे स्वच्छतागृहाच्या दारावर लावा, तिथे ते एकट्याने वाचता येतात.

परतीचं: मिरज काही किलोमीटरवर, आणि मध्यरात्री शहर बस नसते. सहा रिक्षा आधी भाडं ठरवून 12:15 पासून फाटकात उभ्या ठेवा. हेडफोन 12:30 ला बंद, पण त्याआधी 12:10 लाच हॉलचे दिवे निम्मे चढवा आणि चहा बाहेर आणा. दिवे एकदम लावले तर 120 माणसं एकाच वेळी हेडफोन परत द्यायला येतात आणि ठेवीचे पैसे मोजण्यात अर्धा तास रांग थांबते.