मिथाइल रॅडिकलचा (CH₃) हॉट बँड उलट्या बाजूला कसा?

प्रश्न: मिथाइलचा अंब्रेला मोड (छत्रीसारखं वाकण्याचं कंपन) ६०६ वेव्हनंबरला (cm⁻¹) येतो ना, मग कंपनाच्या लेव्हल १ वरून २ वर जाणारा हॉट बँड (आधीच उत्तेजित असलेल्या रॅडिकलचा) त्याच्या खाली यायला हवा, पण तो ६८२च्या आसपास दिसतोय, कॅलिब्रेशन गंडलंय का?

उत्तर: अजिबात नाही, तिथेच येतो तो. रॅडिकल सपाट असतो, तो वाकवत गेलं की पोटेन्शियल (ऊर्जेचा आलेख) साध्या पॅराबोलापेक्षा जास्त चढं होतं, चौथ्या घाताची टर्म पॉझिटिव्ह, म्हणून वरच्या लेव्हल्समधलं अंतर वाढतच जातं. यामादा, हिरोता, कावागुची यांनी १९८१मध्येच डायोड लेझरने दाखवलंय हे.

दुसरं उत्तर: आणि अमोनियासारखं डबलिंग (एका लेव्हलच्या दोन होणं) शोधत बसू नकोस रे, मध्ये ऊर्जेचा बॅरियरच नाहीये!

प्रश्नकर्ता: बरं, मग ३००४चा सिमेट्रिक स्ट्रेच (तिन्ही C–H बंध एकत्र ताणले जाण्याचं कंपन) का सापडेना?

उत्तर: आयआरमध्ये (इन्फ्रारेड) नाहीच सापडणार, डायपोल बदलतच नाही. रामन स्पेक्ट्रोस्कोपी लाव.